नव्या पाइपलाइनला क्लोरीन देताना: साईटवर नव्याने आलेल्यांसाठी

साईटवर नवीन आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारतो. दीडशे मिलिमीटर व्यासाची, चारशे मीटर लांबीची नवी लाईन टाकून झाली आहे. ती निर्जंतुक करायला ब्लीचिंग पावडर किती लागेल? कोणी अर्धी गोणी म्हणतं, कोणी एक. एकाने तर ‘दोन आणून ठेवूया पात्रांव (साहेब), उरली तर उरली’ असं सांगितलं होतं. खरं उत्तर आहे सातशे ग्रॅमच्या आसपास. वाण्याकडच्या डाळीच्या पुडीएवढी पावडर.

मी जेवढे अपघात पाहिले, त्यांतले बरेचसे त्या ‘उरली तर उरली’मधून झाले. गरजेपेक्षा जास्त आणलेली पावडर, ती ठेवायला शोधलेली बंद खोली, पुढच्या पावसाळ्यात तिचा झालेला दगड आणि तो फोडायला गेलेला कोणीतरी. म्हणून या लेखात हातमोजे आणि चष्मे नंतर येतील. आधी वही आणि वजनकाटा.

लेख ठेकेदाराकडे लागलेल्या नव्या सुपरवायझरसाठी, नुकत्याच रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्यासाठी आणि पंचायतीच्या किंवा वसाहतीच्या छोट्या योजनेवर काम करणाऱ्या प्लंबरसाठी आहे. वायूच्या सिलिंडरचं काम यात नाही. ९०० किलोचा टनर हाताळायचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते घेतल्याशिवाय त्याच्या वॉल्व्हला कोणी हात लावू नये. वायू गळायला लागला तर काय करायचं, एवढंच शेवटी सांगतो.

मुळात हे काम कशाला?

आपल्या गोव्यात ओपा, अस्नोडा, साळावली, चांदेल, कुठल्याही शुद्धीकरण प्रकल्पातून पाणी क्लोरीन घालूनच बाहेर पडतं. मग नव्या पाइपला पुन्हा क्लोरीन कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी रस्त्याकडेला पडलेले पाइप दाखवतो. महिना-दीड महिना ते तसेच उघड्यावर असतात. आत चिऱ्याचा लाल चिखल जातो, बेडूक जातात, रात्री कुत्री जाऊन बसतात. जोडणी करताना खंदकात पाणी साचलेलं असतं आणि ते कुठून झिरपून आलं हे आपल्याला माहीत नसतं. शेजारी कोणाच्या तरी घराची सोकपिट, म्हणजे सांडपाण्याचा शोषखड्डा असतो. प्रकल्पातून येणाऱ्या पाण्यात जो थोडासा क्लोरीन असतो, तो ही एवढी घाण मारायला पुरत नाही.

पण नुसता जास्त क्लोरीन घालूनही भागत नाही. चिखल असला की क्लोरीन चिखलावरच खर्च होतो, भिंतीला चिकटलेल्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून क्लोरीनच्या आधी फ्लशिंग. स्कावर वॉल्व्ह (लाईनीतला गाळ बाहेर सोडायचा वॉल्व्ह) किंवा टोकाची कॅप उघडून पाणी सेकंदाला पाऊण मीटर तरी वेगाने पळवायचं. दीडशेच्या लाईनीत म्हणजे सेकंदाला तेरा-साडेतेरा लिटर. चारशे मीटरची लाईन या वेगाने एकदा रिकामी व्हायला नऊ मिनिटं लागतात; अशी निदान दोनदा-तीनदा धुवावी, पाणी काचेसारखं येईपर्यंत. इथे कंटाळा केला की पुढे जंतूंच्या तपासणीत पाण्याचा नमुना नापास होतो. मग सगळे जण डोस वाढवायला धावतात. धोका तिथून सुरू होतो.

माल कोणता आणि त्याची नावं

तुमच्यासमोर तीनपैकी एक वस्तू येईल. पहिली ब्लीचिंग पावडर. महाराष्ट्रातून आलेले कामगार तिला टीसीएल म्हणतात. ताजी असताना तिच्यात तीस-बत्तीस टक्के उपलब्ध, म्हणजे जंतू मारायला कामी येणारा, क्लोरीन असतो, पण आपल्या हवेत उघडी गोणी फार दिवस टिकत नाही. मी हिशेबात २५ टक्के धरतो आणि शक्य असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घेतो. दुसरी वस्तू म्हणजे दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट, ज्याला जलतरण तलाववाले एचटीएच म्हणतात. त्यात ६५ ते ७० टक्के. तिसरं सोडियम हायपोक्लोराइट, निळ्या कॅनमधून येणारं पिवळसर द्रव, १० ते १२ टक्क्यांचं. उन्हात ठेवलेला कॅन ताकद गमावतो आणि फुगतोही, म्हणून झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवायचं.

आता नावांचा घोळ. आपल्याकडे सोडियम हायपोक्लोराइटला सगळे ‘हायपो’ म्हणतात. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा आणि मत्स्यटाकीवाल्यांचाही ‘हायपो’ असतो, पण तो सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन मारणारा पदार्थ. या कामात दोन्ही लागतात: एक सुरुवातीला, दुसरा शेवटी. एका कामावर मी फोनवरून ‘हायपो पाठव’ म्हटलं आणि दुकानदाराने पांढऱ्या खड्यांची पिशवी पाठवली. आमच्या मुलाने ती द्रावणाच्या बादलीत ओतली. त्या वेळी बादलीतलं द्रावण फिकट होतं, फक्त चांगलंच तापलं. घट्ट द्रावण असतं तर उकळी येऊन तोंडावर उडालं असतं. तेव्हापासून माझ्या साईटवर ‘हायपो’ हा शब्द बंद आहे. एकाला ‘क्लोरीनचं पाणी’ आणि दुसऱ्याला ‘मारायचे खडे’ म्हणतो, आणि डब्यांवर मार्करने तेच लिहितो. कामगार कर्नाटकातले, ओडिशातले, झारखंडचे असतात. डब्यावर हिंदीतही लिहा आणि कन्नड येणाऱ्याकडून कन्नडमध्येही लिहून घ्या. मराठीतल्या सूचनेला सगळे मान हलवतात, म्हणून ती सगळ्यांना समजली असं होत नाही.

आदल्या रात्रीचा हिशेब

वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: एक मीटर पाइपमध्ये १०० मिलिमीटर व्यासाला सुमारे ८ लिटर पाणी मावतं, १५० ला १७.७, २०० ला ३१.४ आणि ३०० ला ७०.७ लिटर. आपली चारशे मीटरची दीडशेची लाईन म्हणजे ७,०७० लिटर.

लाईन पूर्ण भरून ठेवण्याच्या पद्धतीत लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन घालतात आणि २४ तासांनी तो १० मिलिग्रॅमच्या खाली गेलेला चालत नाही. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या सी-६५१ या मानकातले हे आकडे. तुमच्या निविदेत वेगळे असतील तर निविदेतले पाळा. ७,०७० लिटरला २५ मिलिग्रॅमने १७७ ग्रॅम क्लोरीन होतो. पावडर २५ टक्क्यांची असेल तर त्याच्या चौपट, म्हणजे ७०७ ग्रॅम. दहा टक्क्यांचं द्रव असेल तर पावणेदोन लिटर. बस.

याच मानकात लिटरला १०० मिलिग्रॅमच्या घट्ट पाण्याचा गठ्ठा लाईनीतून किमान तीन तास सरकवत नेण्याची पद्धतही आहे. मोठ्या व्यासाच्या लांब वाहिन्यांना ती बरी पडते. नवख्याने पहिल्या कामाला तिच्या वाटेला जाऊ नये. चूक झाली तर चौपट घट्ट पाणी हातात असतं.

आणखी एक पद्धत तुम्हाला कोणीतरी सुचवेल: पाइप जोडतानाच आत हायपोक्लोराइटच्या गोळ्या चिकटवायच्या. सॉल्व्हंट सिमेंटने जोडलेल्या प्लास्टिकच्या किंवा आटे पाडून जोडलेल्या लोखंडी पाइपला ही पद्धत वर्ज्य आहे. सॉल्व्हंट किंवा जोडणीचं मलम आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले की आग लागते, स्फोटही होऊ शकतो.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा, पण तो काटा मग स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही. मोजलेली पावडर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून साईटवर न्या. गोणी गुदामातच राहू दे.

गुदाम आणि पिकअप

गुदामात पावडर जमिनीपासून वर, फळ्यांवर ठेवायची. खोली सुकी, थंड आणि हवेशीर हवी. जुलैमध्ये ‘सुकी’ खोली म्हणजे काय हे गोव्यातल्या माणसाला समजावायला नको. आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. म्हणून पावसाळ्याआधी जादा साठा करायचा नाही, हा सगळ्यात स्वस्त उपाय. आसपास डिझेल, ग्रीस, रंग, थिनर, खत, लाकडाचा भुसा, तेलकट चिंध्या नकोत. कॅल्शियम हायपोक्लोराइटला तेल लागलं की ते आपोआप पेटू शकतं. त्या आगीवर साधा पावडरचा अग्निशामक मारायचा नाही, कारण त्यातला अमोनियम फॉस्फेट हायपोक्लोराइटशी आणखी भडका करतो. भरपूर पाणी मारायचं, तेही लांबून, आणि १०१ ला कळवायचं.

ॲसिडचा धोका याहून मोठा. टाईल्स धुवायच्या ॲसिडची बाटली आणि ब्लीचिंग एकाच पिकअपच्या हौद्यात टाकून नेणारे मी आजही पाहतो. वळणावर बाटली लवंडली की हौद्यात क्लोरीन वायू तयार. शुद्धीकरण प्रकल्पावर तुरटीच्या द्रावणाचंही असंच आहे. तुरटी आपल्याला घरगुती वाटते, पण तिचं द्रावण आम्लधर्मी असतं; हायपोक्लोराइटच्या टाकीत ते चुकून ओतलं तरी वायू सुटतो. अमोनिया असलेली सफाईची द्रव्यंही लांब ठेवा.

गुदामात लोखंडी पत्र्याचा चमचा वापरू नका. प्लास्टिकचा ठेवा, आणि तो दुसऱ्या कशाला वापरू नका.

वारा कुठला आहे ते बघा

क्लोरीन वायू हवेपेक्षा अडीच पट जड. तो वर जात नाही, जमिनीलगत सरकत खड्ड्यात, चेंबरमध्ये, खंदकात, तळघरात जाऊन बसतो. म्हणजे आपण ज्या ज्या जागी वाकून काम करतो, नेमका तिथे.

द्रावण उघड्यावर आणि उंचवट्यावर बनवा आणि वारा पाठीवर घ्या. आपल्या किनारपट्टीत ही गोष्ट दिवसात बदलते. सकाळी मतलई असते, म्हणजे घाटाकडून समुद्राकडे जाणारा वारा. दुपारकडे तो फिरून समुद्रावरून जोरात येऊ लागतो. सकाळी साडेसातला योग्य वाटलेली जागा दोन वाजता बरोबर उलट्या तोंडाला येते. मी द्रावणाचं काम दहाच्या आत उरकतो आणि शेजारच्या खुंटीला प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी बांधून ठेवतो. ती फडफडते तिकडे वारा. पट्टीच्या दिशेला शाळा, घर किंवा गोठा असेल तर जागा बदलायची.

वॉल्व्ह चेंबरमध्ये माणूस असताना वरून द्रावण ओतायचं नाही. जुन्या चेंबरमध्ये तसाही ऑक्सिजन कमी असू शकतो किंवा गटाराचा वायू साचलेला असतो. आधी झाकण उघडून हवा खेळू द्यायची, वायुमापक असेल तर सोडून बघायचा, वरती एक माणूस आणि दोर ठेवायचा. आत गेलेला कोसळला तर वरच्याने उडी मारायची नाही. हे वाचायला सोपं, पाळायला फार कठीण. आत पडलेला बहुतेक वेळा भाऊबंद असतो.

अंगावर काय

पावडर हाताळताना डोळ्यांना सगळ्या बाजूंनी चिकटून बसणारा चष्मा, रबरी किंवा नायट्राइलचे लांब हातमोजे, पूर्ण बाह्या, रबरी ॲप्रन आणि गमबूट. पँट गमबुटाच्या बाहेर, आत खोचायची नाही. नाहीतर सांडलेलं द्रावण थेट बुटात उतरतं.

मास्कबद्दल गैरसमज फार आहेत. कापडाचा किंवा एन-९५ मास्क उडणारी पावडर थोडीफार अडवतो, क्लोरीन वायू अजिबात नाही. वायूसाठी डब्यांचा (वायू शोषणाऱ्या फिल्टरचा) रेस्पिरेटर लागतो, आणि त्या डब्यावर क्लोरीनचं नाव लिहिलेलं असायला हवं. तो दाढी नसलेल्या चेहऱ्यावरच नीट बसतो. वास आत यायला लागला तर डबा संपला, बाहेर या. आणि कोंडलेल्या जागेत किंवा मोठ्या गळतीत तो चालत नाही. हवेत दहा लाखात दहा भाग क्लोरीन झाला की ती पातळी जिवावर बेतणारी मानतात. तिथे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरशिवाय जायचं नाही, म्हणजे आपण जायचं नाही, अग्निशमन दलाने जायचं.

एप्रिल-मेच्या घामात हे सगळं चढवणं छळ आहे, मान्य. त्यावर उपाय म्हणजे काम लहान ठेवणं. सातशे ग्रॅम पावडरीचं द्रावण करायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं माणूस सोसतो. दोन गोण्या असतील तर तिसऱ्या बादलीला चष्मा कपाळावर गेलेला असतो.

द्रावण

एक टक्क्याचं द्रावण बनवायचं. २५ टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला ४० ग्रॅम. आपल्या ७०७ ग्रॅमला पावणेअठरा लिटर पाणी, म्हणजे वीस लिटरच्या एका प्लास्टिकच्या बादलीत सगळं मावतं.

आधी पाणी, मग पावडर. थोडी थोडी, चमच्याने. पावडरीवर पाणी ओतलं की ती तापते, उसळते आणि वायू सोडते. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पहिल्याच वर्षी, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस म्हणून आम्ही पंपघराचं दार लावून घेतलं होतं. ड्रमच्या तळाशी पावडरीचा दगड झालेला. कोणीतरी तो मऊ व्हावा म्हणून वर तांब्याभर पाणी टाकलं आणि मी वाकून सळीने फोडायला लागलो. एकच श्वास आत गेला. घशात मिरचीची धुरी घातल्यासारखं झालं, डोळ्यांतून धारा. बाहेर येऊन तोंड धुतलं, चहा प्यालो, अर्ध्या तासात बरं वाटलं आणि स्कूटरवरून घरी गेलो. रात्री अकराला आडवं झोपवेना. छातीत कढईत तेल चुरचुरावं तसा आवाज. घरच्यांनी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि आधी बोलणी घातली, ‘दुपारीच का आला नाहीस?’ त्याबद्दल खाली पुन्हा लिहिलं आहे.

ढवळायला लाकडी नको, पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. ढवळून झाकण सैल ठेवा आणि तासभर निवळू द्या. तळाशी चुन्याचा गाळ बसतो. वरची निवळीच वापरायची. गाळासकट घातलं तर नळी तुंबते आणि तुंबलेली नळी कोणीतरी तोंडाने ओढून मोकळी करायला जातं. हसू नका, पेट्रोल काढायची सवय असलेली माणसं हे सहज करतात.

तुटलेल्या लाईनीच्या दुरुस्तीतही हेच एक टक्क्याचं द्रावण उपयोगी पडतं. नवा तुकडा, कॉलर आणि कापलेली टोकं आतून त्याने पुसून घ्यायची.

लाईनीत सोडणं

सगळ्यात आधी वेगळं करणं. ज्या भागाला क्लोरीन देणार त्याचे दोन्हीकडचे वॉल्व्ह बंद, घरांच्या जोडण्यांचे फेरूल (मुख्य लाईनीवरच्या जोडणीच्या तोट्या) बंद, आणि वॉल्व्हची चावी कोणाकडे आहे ते माहीत. शक्य तर साखळी-कुलूप घाला. त्या वाड्यावरच्या लोकांना आदल्या दिवशी सांगा. डायलिसिसवर कोणी असेल किंवा कोणी मासे पाळत असेल तर त्यांना वेगळं सांगा. आणि गणेश चवथीच्या आठवड्यात हे काम काढू नका. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायच्या दिवशी पाणी बंद ठेवणाऱ्याला गाव विसरत नाही.

चालू लाईनीतून नव्या लाईनीत थेट नळी जोडायची नाही. चालू लाईनीचा दाब अचानक पडला तर नव्या लाईनीतलं तीव्र क्लोरीनचं पाणी उलटं लोकांच्या नळात जातं. मी मधे हजार लिटरची टाकी ठेवतो. चालू लाईनीचं पाणी वरून, टाकीच्या कडेपासून वीतभर उंचावरून टाकीत पडतं, आणि टाकीतून लहान पंप ते नव्या लाईनीत ढकलतो. मधली ती वीतभर हवा म्हणजे तुमचा विमा.

द्रावणही त्याच टाकीत ठिबकवायचं. पंप सेकंदाला दोन लिटर देत असेल तर आपली लाईन तासाभरात भरते. त्या तासात पावणेअठरा लिटर द्रावण संपायला हवं, म्हणजे मिनिटाला ३०० मिलिलिटर. बादलीच्या तोटीखाली मोजपात्र धरून साध्या पाण्याने आधी धार बसवून घ्या. बादली रिकामी होत जाईल तशी धार मंदावते. दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. टाकीतली पातळी एकसारखी राहील असा आत येणारा नळ ठेवा.

एअर वॉल्व्ह (लाईनीतली हवा बाहेर सोडणारे वॉल्व्ह) उघडे ठेवा, नाहीतर उंचवट्यावर हवा कोंडते आणि तिथली भिंत कोरडीच राहते. दूरच्या टोकाला क्लोरीन पोचला की टोक बंद करा, भागातले मधले वॉल्व्ह एकदा पूर्ण उघडून-मिटून घ्या, म्हणजे त्यांच्या पोटातही पाणी फिरतं. मग २४ तास थांबायचं. टोकाला आणि टाकीजवळ पाटी लावा: ‘पाणी पिऊ नये’. गुरं पाटी वाचत नाहीत, म्हणून जिथून थेंब पडत असेल तिथे कुंपण.

मोजताना फसू नका

इथे नवखे हमखास गडबडतात. आपल्याकडे अजूनही काही जण पिवळा रंग देणाऱ्या ओटीच्या (ऑर्थोटोलिडिनच्या) बाटलीने क्लोरीन बघतात. ते रसायन अंगाला चांगलं नाही; डीपीडीची गोळी वापरा, म्हणजे क्लोरीन असला की पाण्याला गुलाबी रंग आणणारी. पण डीपीडीची एक खोड आहे. क्लोरीन फार जास्त असला की तो रंगच विरून जातो. नमुना क्षणभर गुलाबी होतो आणि पांढरा पडतो, किंवा गुलाबी होतच नाही. नवखा म्हणतो ‘क्लोरीन नाही’ आणि आणखी एक बादली घालतो. आता लाईनीत लिटरला पन्नास मिलिग्रॅम.

म्हणून तीव्र पाण्याचा नमुना पातळ करून मोजायचा. एक भाग नमुना, एकोणपन्नास भाग डिस्टिल्ड वॉटर, आलेल्या आकड्याला ५० ने गुणा. पातळ करायला नळाचं पाणी घेऊ नका, त्यात स्वतःचा क्लोरीन असतो. २४ तासांनी मोजताना दहात एक पातळ केलं तरी पुरतं.

ते पाणी कुठे सोडणार?

नाल्यात नाही, ओहोळात नाही, खाजनात (बांधाआडच्या खाऱ्या पाण्याच्या शेतात) तर नाहीच. मासळी आणि कोळंबीच्या पिलांना लिटरला एक दशांश मिलिग्रॅम क्लोरीनसुद्धा भारी पडतो. आपल्या लाईनीत त्याच्या शंभरपट आहे. मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) आत एकदा असं पाणी गेलं की त्या वर्षाच्या मासळीचा हिशेब लोक तुमच्याकडे मागतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

म्हणून मारायचे खडे. किलोभर क्लोरीनला मी दोन किलो थायोसल्फेट धरतो. २४ तासांनंतर लाईनीत लिटरला १५ मिलिग्रॅम उरला असेल तर ७,०७० लिटरमध्ये १०६ ग्रॅम क्लोरीन झाला. म्हणजे पाव किलो खडे पुरून उरतात. ते बादलीभर पाण्यात विरघळवून, बाहेर पडणारं पाणी त्याच मधल्या टाकीत घेऊन तिथे ठिबकवायचे, आणि टाकीतून निघणाऱ्या पाण्याला डीपीडी लावून रंग येत नाही याची खात्री करायची. इथेही पातळ करून एक नमुना बघा. वरची खोड आठवते ना?

मग पुन्हा फ्लशिंग, लाईनीतला क्लोरीन बाकीच्या गावातल्याएवढा होईपर्यंत. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. त्यानंतर जंतूंच्या तपासणीचे नमुने निर्जंतुक बाटलीत. त्या बाटलीच्या तळाशी थोडं थायोसल्फेट मुद्दाम घातलेलं असतं, ती धुवायची नाही. चोवीस तासांच्या अंतराने दोनदा नमुने घेऊन दोन्ही स्वच्छ आले की लाईन लोकांना द्यायची.

काही झालंच तर

डोळ्यात गेलं: पापणी उघडी धरून साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, घड्याळ लावून. म्हणून साईटवर पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार वेगळा ठेवायचा. त्वचेवर: कपडे काढा, पाणी ओता. लिंबू, व्हिनेगर, सोडा, काही लावायचं नाही. पोटात गेलं: उलटी करवायची नाही, तोंड धुवायचं आणि इस्पितळ.

श्वासात गेलं: वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंच जागी न्या. आडवं झोपवू नका, बसवून ठेवा. चालायला, पळायला लावू नका. १०८ ला फोन करा. आणि माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी न्याच. क्लोरीनने भाजलेल्या फुप्फुसात काही तासांनी पाणी भरतं. तोवर माणूस घरी पोचलेला असतो. माझ्याबाबतीत चहा ते धाप हे अंतर आठ तासांचं होतं. डॉक्टरांना पदार्थाचं नाव सांगा, डब्यावरची चिठ्ठी सोबत न्या.

सिलिंडरमधून वायू गळत असेल तर त्यावर पाणी मारायचं नाही. ओल्या क्लोरीनचं आम्ल बनतं आणि ते भोक आणखी मोठं करतं. वाऱ्याच्या विरुद्ध, चढाकडे जा, खालच्या बाजूच्या घरांना कळवा, ११२ आणि अग्निशमन दलाला फोन करा. अमोनियाच्या बोळ्याने पांढरा धूर पाहून गळती शोधणं हे प्रशिक्षित माणसाचं काम.

आवरताना

हातमोजे काढण्याआधी ते हातातच धुवा. कपडे वेगळे धुवा. बाकीच्यांचे शर्ट पांढरे होतील ते वेगळंच. बादलीतला चुन्याचा गाळ थायोसल्फेटच्या पाण्याने मारून मग पुरा, नाल्याला ढकलू नका. रिकामी गोणी फाडून टाका. आपल्याकडे रिकामी गोणी कधी वाया जात नाही. महिन्याभराने तिच्यात कोणीतरी उकडे तांदूळ किंवा आंबोशी भरून ठेवतं.

आणि डब्यात पावडर उरली असेल तर वहीत लिहा किती उरली. पाच-दहा ग्रॅमहून जास्त उरली असेल तर हिशेब पुन्हा बघा, कारण तेवढी लाईनीत कमी गेली आहे.